बॅग अजून व्हायची आहे

चिंचपोकळी,
१२ जानेवारी

चि. स्पृहा,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसत नाही. पत्र बघून दचकू नकोस, दोघंही धडधाकट आहोत. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. आपल्या दोन खोल्या तुला माहीत आहेत. तुझा फोन वाजला की बाबा हातातलं टाकून येतात, स्पीकर लावतात आणि शेजारी उभे राहतात. त्यांच्याबद्दल त्यांच्याच समोर काय बोलणार? म्हणून तुझ्या यतीनने दिलेल्या टॅबवर एका बोटाने टाइप करतेय. तूही फोनवर यातलं काही काढू नकोस. मेलवरच उत्तर दे.

तर ऐक. तुझे बाबा बॅग बनवतायत. आणत नाहीयेत, बनवतायत. ॲल्युमिनियमची. विम्याच्या कचेरीत जन्मभर फायली हलवलेला माणूस, घरातला बल्ब बदलायचा तरी मला स्टूल धरायला लावणार, तो आता पत्रा कापतोय! कुणी परदेशी माणूस आपल्या गॅरेजमध्ये बॅग करतो, त्याचे व्हिडिओ सकाळ-संध्याकाळ चालू असतात. तळमजल्यावर मनूचं पत्र्याचं वर्कशॉप आहे ना, त्याच्याकडून पत्रा वाकवून आणला, त्याचं ड्रिल आणलं, पत्रे जोडायला रिव्हेट मारायची ती गन आणली, आणि आपल्या गॅलरीत कारखाना थाटलाय. भाजीत ॲल्युमिनियमचा कीस सापडतो. शेजारच्या राधाताईंनी दुपारची झोप मोडते म्हणून माझ्याशी बोलणं टाकलंय.

म्हटलं, अहो, दादरला जाऊन एक बॅग घेऊन टाकू. तर म्हणतात, "दुकानातली बॅग म्हणजे वरून चमक आणि आत पुठ्ठा. स्पृहा निघाली तेव्हा एअरपोर्टवर काय झालं, विसरलीस?" विसरेन कशी? तुझी चेन फाटून लोणच्यासकट सगळं लादीवर आलं होतं, आणि हे स्वतःच्या कमरेचा पट्टा काढून बॅग आवळत होते. बरं, त्यानंतर आपण ती निळी घेतली होती, ती चांगली होती. पण तीही यांनी भंगारवाल्याला देऊन टाकली. का, तर म्हणे चाक मोडलं.

बनवू देत गं, माझं काय जातंय. पण बॅग होत नाहीये. डिसेंबरपासून चाललंय. काल जोडलेली बाजू आज सुटी दिसते. विचारलं की "माप चुकलं" म्हणतात. एकदा चुकेल, दोनदा चुकेल. सोमवारी तळ आणि तीन बाजू माझ्या डोळ्यांदेखत जोडलेल्या होत्या, आणि मंगळवारी मी महिला मंडळातून घरी आले तर पुन्हा नुसता तळ. तुझे आजोबा, आपले अप्पा, शेवटी शेवटी तोच तो सदरा काढायचे आणि पुन्हा घालायचे, आठवतंय? मला तेच दिसायला लागलंय. विसरतात का गं हे? यांना तिकडे परक्या देशात घेऊन यायचं, आणि तिथे काही झालं तर मी एकटी तुझं बघू की यांचं?

तिकिटं एप्रिलच्या अखेरची आहेत, व्हिसा आलाय. तुझ्या बाळंतपणाच्या तारखेच्या आत पोचलं पाहिजे. एवढ्याच काळजीने मला अन्न गोड लागत नाही.

तू कशी आहेस? खरं सांग.

आई


हॅम्बुर्ग,
१५ जानेवारी

आई,

मी मस्त आहे. बाहेर बर्फ पडून घसरडं झालंय म्हणून सध्या घरूनच काम करते. यतीन स्वयंपाक करतो. त्याच्या आमटीत फोडणी कुठे असते ते शोधावं लागतं. बाकी सगळं ठीक.

बाबांना डॉक्टरांकडे ने. पण मला नाही वाटत ते विसरतायत. मला दुसरंच वाटतं, आणि तू रागावणार आहेस.

मला वाटतं त्यांना यायचंच नाहीये.

मागच्या वेळी मी हॉस्पिटलमधून फोन केला होता, आठव. बाळ राहिलं नाही, एवढं वाक्य बोलायला मला किती वेळ लागला होता. बाबा "बरं" म्हणाले आणि फोन तुझ्याकडे दिला. बरं! त्यानंतर दोन वर्षांत त्यांनी त्या विषयावर एक शब्द काढलेला नाही. आता हे दुसरं, तर यावरही काही नाही. फोनवर मला हॅम्बुर्गचं तापमान विचारतात. ज्याला यायचं असतं तो बॅग विकत घेतो गं आई. ज्याला यायचं नसतं तो पत्रा कापत बसतो.

त्यांना जबरदस्ती करू नकोस. तू एकटी आलीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण चालवून घेईन.

स्पृहा


चिंचपोकळी,
४ फेब्रुवारी

चि. स्पृहा,

तुझं पत्र वाचून राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. बाबांना यायचं नाही म्हणे! तापमान विचारतात ते उगाच का? कॅलेंडरवर रोजचं तिकडचं तापमान पेन्सिलीने लिहून ठेवतात.

लालबागच्या ललिता डॉक्टरांकडे नेलं. माझं बीपी तपासायला म्हणून नेलं आणि आत गेल्यावर यांना खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी नावं विचारली, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. यांनी सगळं धडाधड सांगितलं, वर डॉक्टरांना त्यांच्या स्वतःच्या पॉलिसीची मुदत कधी संपते तेही सांगितलं. बाहेर आल्यावर मला म्हणतात, "पास झालो ना?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. मग बाजू सुटतात कशा? चिंता कमी व्हायच्या ऐवजी वाढलीय. विसरत असते तर औषध तरी दिलं असतं.

येताना तुझ्यासाठी डिंक आणि अळीव घ्यायला बाजारात वळले होते. गर्दी फार होती, तशीच परत आले. घेईन नंतर.

आता तू सांग. मी चष्मा लावते, आंधळी नाही. गेले तीन व्हिडिओ कॉल तुझ्या पाठीमागे तीच फुलाफुलांची उशी आहे. ऑफिसचं काम काय आडवं पडून करतात तिकडे?

आई


हॅम्बुर्ग,
९ फेब्रुवारी

आई,

पकडलंस.

डिसेंबरमध्ये तपासणीत डॉक्टरीण म्हणाली की गर्भपिशवीचं तोंड सैल पडतंय. टाका घातलाय. तेव्हापासून बाथरूमला जाण्यापुरतं उठते. बाकी उशी, खिडकी आणि यतीनची आमटी. बर्फ पडलाय ते मात्र खरं आहे.

सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस. आताही झोपणार नाहीस, माहीत आहे. बाबांना सांगू नकोस, प्लीज. बाळ नीट हलतंय. डॉक्टरीण म्हणते एकेक आठवडा मोजायचा. पण सातवा महिना जवळ येतोय आणि मला रात्र झाली की श्वास पुरत नाही. मागच्या वेळीही सातव्यापर्यंत सगळं ठीकच होतं ना गं.

यतीन परवा पाळण्याची जाहिरात दाखवत होता. मी एवढी ओरडले की खालच्या मजल्यावरची बाई बघायला आली. त्या रिकाम्या खोलीत एक टोपडंसुद्धा येऊ द्यायचं नाही, असं मीच ठरवलंय. आपल्याकडे बाळाचं आधी काही आणत नाहीत ते मला नेहमी खुळचट वाटायचं. आता मीच तुझ्याहून कडक झालेय. गंमत म्हणजे इथेही वाढदिवसाच्या आधी कुणाला शुभेच्छा देत नाहीत. अपशकुन मानतात. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

तुम्ही या गं लवकर.

स्पृहा


चिंचपोकळी,
१८ फेब्रुवारी

बाळा,

टाक्याचं वाचून मी देवासमोर जाऊन बसले. तुझ्यावर रागवायचं ठेवून देते. तू झोपूनच राहा. कुणी बेल वाजवली तरी उठायचं नाही.

आज दुसरंच घडलं, ते सांगते. घाईत लिहितेय, चुका समजून घे.

मंगळवार म्हणून मंडळात गेले होते. शिकवणाऱ्या आकांक्षाताई आजारी, म्हणून वर्ग झाला नाही. मी लगेच घरी. दार लोटलेलं होतं. गॅलरीत बाबा मांडी घालून बसलेले, समोर बॅग. पूर्ण बॅग, स्पृहा! चारी बाजू, झाकण, बिजागऱ्या, मूठ, कोपऱ्यांवर गोल टोप्या. अशी चकचकीत की मी दारातच थांबले. आणि हे त्या बॅगेवर ड्रिल टेकवून एकेका रिव्हेटचं डोकं उडवत होते. शांतपणे. उडालेली डोकी वाटीत गोळा करत होते. एक बाजू सुटली, ती अलगद भिंतीला टेकवली, घाम पुसला.

म्हणजे माप कधी चुकलंच नव्हतं. दर मंगळवारी मी बाहेर पडले की हा उद्योग.

मी ओरडले. अहो, वेड लागलंय का तुम्हाला? केवढ्याने दचकले! ड्रिल खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "भरली की फोन येतो, कालिंदी."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी तिथेच बसले.

मागच्या वेळी ती निळी बॅग आपण भरून ठेवली होती. डिंकाचे लाडू, अळीव, माझ्या जुन्या मऊ साडीची झबली. कुलूप लावून दाराशी उभी केली आणि संध्याकाळी तुझा फोन आला. मी तर अंथरुणच धरलं होतं. ती बॅग कुणी रिकामी केली याचा मी आजवर विचारही केला नव्हता. यांनी केली. एकट्याने. चाकबीक काही मोडलं नव्हतं. तिच्याकडे बघवेना म्हणून दिली भंगारात.

"तू म्हणालीस बॅग हवी," मला म्हणतात, "नाही कसं म्हणू? मग म्हटलं, आपणच करू. करत राहू. होत नाही तोवर पोरीला काही होत नाही."

मी म्हटलं, अहो, शिकलेसवरलेले तुम्ही, लोकांचे विमे उतरवलेत, आणि हे काय अडाण्यासारखं! तर वाटीतली रिव्हेटची डोकी बोटाने चाळवत बसले. मग म्हणाले, "उशी मलाही दिसते."

त्यांना सगळं माहीत आहे. तू त्यांच्यापासून लपवतेस, मी लपवते, आणि हा माणूस तापमान विचारतो.

आणि मी यांना कुठल्या तोंडाने बोलू? त्या दिवशी बाजारात गर्दी नव्हती. डिंकाच्या दुकानासमोर उभी राहिले, दुकानदार विचारतोय काय देऊ, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी जिरं घेऊन आले. घरात जिरं होतं.

तूच सांग आता काय करू. तिकीट आहे, व्हिसा आहे, आणि घरात बॅग व्हायला तयार नाही.

आई


हॅम्बुर्ग,
२० फेब्रुवारी

बाबा,

हे तुम्हाला लिहितेय. आईने सगळं सांगितलं. तिच्यावर चिडू नका.

तुम्ही "बरं" म्हणालात ते मी दोन वर्षं मनात धरून बसले होते. मला वाटायचं तुम्हाला काही वाटलंच नाही. तुम्ही ती बॅग एकट्याने उघडलीत हे मला माहीत नव्हतं. ती झबली हातात घेताना तुम्हाला काय झालं असेल, हे परवापासून डोळ्यांसमोरून हलत नाही. मी खूप रडले, पण आडवं पडूनच रडले, काळजी नको.

तुम्ही वेडे असाल तर मीही आहे. माझी एक खोली रिकामी आहे, तुमची एक बॅग अपुरी आहे. मी तुम्हाला "असं काही नसतं" म्हणणार नाही. मला स्वतःलाच ते पटत नाही.

फक्त एक करा. बॅग पूर्ण करू नका, पण मोडूही नका. बाकीचे सगळे रिव्हेट मारा आणि एक भोक मोकळं सोडा. कुणी विचारलं तर बॅग अजून व्हायची आहे. तशीच घेऊन या. शेवटचा रिव्हेट इथे मारा, बाळ माझ्या मांडीवर असेल तेव्हा.

मला तुम्ही इथे हवे आहात, बाबा. तापमान सहा आहे.

स्पृहा


चिंचपोकळी,
२२ फेब्रुवारी

चि. स्पृहा हीस,

तुझे दि. २० चे पत्र मिळाले. मजकूर समजला.

सूचनेप्रमाणे एक भोक मोकळे ठेवले आहे. उजव्या बाजूचे, खालच्या कोपऱ्यातले. आतून चिंधी लावली आहे म्हणजे थंडी आत जाणार नाही. बाकीचे रिव्हेट काल मारले. तुझी आई समोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसली होती. बॅग सध्या रिकामी आहे व कुलूप न लावता ठेवली आहे.

त्या दिवशी फोनवर मला पुढे बोलता आले नाही. तोंड उघडले असते तर आवाज फुटला असता, आणि तो तुला ऐकू गेला असता. म्हणून फोन आईकडे दिला. 'बरं' असे मी का म्हणालो ते मला माहीत नाही. काहीच बरे नव्हते.

उठू नकोस.

बाबा


हॅम्बुर्ग,
२४ मार्च

आई, बाबा,

काल यतीनने फोनवर सांगितलं तेवढंच तुम्हाला कळलंय. आज मला बसता येतंय म्हणून लिहिते.

शनिवारी दुपारी अचानक पाणी गेलं. पुढचं मला फार आठवत नाही, ॲम्ब्युलन्सच्या छताला एक पिवळा दिवा होता तेवढा आठवतो. मुलगी झाली. फार लवकर आलीय. जन्मली तेव्हा रडली नाही. सगळे तिच्याभोवती धावत होते आणि मी आवाजाची वाट बघत होते. मग कण्हल्यासारखं काहीतरी आलं, आणि तिला घेऊन गेले.

ती काचेच्या पेटीत आहे. छातीवर तारा चिकटवल्यात, नाकात नळी आहे. तिच्या फुप्फुसांना अजून जोर नाही. डॉक्टर "बघू" म्हणतात. त्या शब्दाचा मला धसका बसलाय. अजून तिला धड रडता येत नाही. तोंड उघडते, आवाज येत नाही.

बाबा, तिच्या पेटीलाही बाजूला भोक आहे. गोल. तिथून मी हात आत घालते आणि ती माझं बोट धरते. मला एकदम तुमची बॅग आठवली.

तुम्ही कधी येताय?

स्पृहा


चिंचपोकळी,
२५ मार्च

बाळा,

तिकिटं बदलली. शुक्रवारी निघतोय.

परवा फोन वाजला तेव्हा बाबा गॅलरीत होते. यतीनचं नाव दिसलं तशी मी स्पीकर लावला. बाबा आले आणि बॅगेवरच बसले. यतीन बोलत होता, मी रडत होते, हे दोन्ही हातांनी मूठ धरून बसलेले. फोन संपला. मग हे उठले, झाकण उघडून आत बघितलं.

म्हणाले, "रिकामी होती. एक भोकही मोकळं होतं. तरी आला फोन."

मी घाबरले. म्हटलं, आता हा माणूस पुरता कोसळतोय. तर पायात चपला घातल्या आणि निघाले. कुठे विचारलं तर "लालबाग". डिंक आणला, अळीव आणलं, खारीक आणली, सगळं इतकं की तुला वर्षभर पुरेल. मग कपाटात पॉलिसीच्या कागदांमागे हात घालून एक पुडकं काढलं. स्पृहा, ती झबली! बॅग भंगारात दिली, पण झबली ठेवली होती. मला कधी कळू दिलं नाही. एकेक उलगडून, हातानेच सुरकुत्या काढून त्यांनी बॅगेत ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिच्या मापाला मोठी होतील. होऊ दे. वाढेल."

मी लाडू वळतेय. जीव टांगणीला आहे, पण हात चालू आहेत. तू तिच्या पेटीत हात घालून बसतेस ना, तशीच बसून राहा. आम्ही पोचतोच.

भोक तसंच आहे. रिव्हेट गन मनूकडून मागून बॅगेत ठेवलीय.

आई


हॅम्बुर्ग,
६ मे

प्रिय मनू,

तुझी रिव्हेट गन अद्याप माझ्याकडे आहे, त्याबद्दल क्षमस्व. खोळंबा झाला असेल. परत येताना आणतो.

बॅगेचा अहवाल पुढीलप्रमाणे. विमानतळावर पट्ट्यावरून आली तेव्हा एका बाजूला पोचा पडला होता, बाकी जशीच्या तशी. कस्टमच्या माणसाने कोपऱ्यातल्या भोकावर बोट ठेवून विचारले. मी इंग्रजीत सांगितले, नॉट फिनिश्ड. त्याने आतली झबली बघितली आणि झाकण लावून दिले. लाडूंना धक्का नाही.

पाच आठवडे आम्ही पाळीपाळीने हॉस्पिटलात बसलो. त्या पेटीच्या भोकातून मलाही हात घालू देत. आत घालण्याआधी हात चोळून गरम करायचो. दोनदा तिचा श्वास थांबला. मशीन ओरडायचे, नर्स धावत यायची. त्या काळात कालिंदीने देवाला काय काय कबूल केले आहे ते तिचे तिला माहीत. मी बॅगेकडे फिरकलो नाही.

आज दुपारी मुलगी घरी आली. नाव अजून ठेवलेले नाही. झबले ढगळ होते, पण घातले. स्पृहा तिला मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, आणा."

मी बॅग आणली. चिंधी काढली. रिव्हेट बसवला, गन लावली, पण दाबवेना. तू मला शिकवलेस तेव्हा म्हणाला होतास, काका, घाबरत दाबाल तर वाकडा बसेल. ते आठवले. डोळे मिटून दाबला.

रिव्हेट बसून त्याची दांडी तुटते तेव्हा केवढा आवाज होतो तुला माहीतच आहे. पोरगी दचकली आणि रडायला लागली. मनू, काय रडली! खालच्या मजल्यावरची बाई वर आली. कालिंदी माझ्यावर ओरडत होती, जावई खिडक्या लावत होता, आणि स्पृहा म्हणत होती, "थांबवू नका तिला, कुणी थांबवू नका."

अजून रडते आहे. मी गॅलरीत उभा राहून लिहितो आहे, इथवर ऐकू येते.

रिव्हेट सरळ बसला.

तुझा,
रघुवीरकाका